वादळानंतर घरांची पाहणी करायचं काम, विम्याचा सर्वेयर व्हायचं तर सुरुवात कुठून करू?

रोहा_सिव्हिल:
मी बीई सिव्हिल, सध्या साईट सुपरवायझर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ येऊन गेल्यावर श्रीवर्धन, दिवेआगरला नातेवाईकांकडे गेलो होतो, पत्रे उडालेले, कौलांचा खच, तलाठी पंचनामा करून गेले तरी विम्याचं बघायला वेगळा माणूस येणार असं सगळे म्हणत होते. तेव्हापासून हे काम करावंसं वाटतंय. लायसन्स लागतं का, की कंपनीत नोकरी करायची? आणि वादळ काय दरवर्षी येत नाही, मग बाकीचे महिने काय करायचं? जाणकारांनी सांगा प्लीज.

जांभा_चिरा:
लायसन्स लागतंच. विमा कायदा १९३८, कलम ६४ यूएम, ठराविक रकमेच्या वरच्या क्लेमला आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) लायसन्स असलेला सर्वेयर नेमावाच लागतो. फी कंपनी देते पण तू कंपनीचा माणूस नाहीस हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेव. रस्ता असा की आयआयआयएसएलए या सर्वेयर लोकांच्या संस्थेत स्टुडंट मेंबर व्हायचं, जुन्या सर्वेयरच्या हाताखाली साधारण वर्षभर ट्रेनिंग आणि इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा. नियम बदलत असतात, फॉर्म भरायच्या आधी आयआरडीएआयची साईट बघच. लायसन्स विभागवार मिळतं, सिव्हिलवाल्याने त्यात फायर म्हणजे आगीच्या विम्याचा विभाग घ्यावा, वादळात पडलेल्या घरांचे क्लेम त्यातच येतात.

आता खरं काम. वारा छप्पर दाबून मोडत नाही, वर उचलतो, म्हणून आधी वळचण आणि आढ्याजवळची कौलं बघायची, पत्र्याला जे-बोल्टभोवतीचं (पत्रा धरून ठेवणारा आकड्याचा बोल्ट) भोक फाटून लांबट झालंय का बघायचं. वासा ताजा मोडला असेल तर मोड फिक्कट आणि कुसळं निघालेली असते, वाळवीने आधीच खाल्लेला असेल तर आतून पोकळ, भुसभुशीत. पण वासा जुना होता म्हणून क्लेमच नाही असं लिहून मोकळं व्हायचं नाही, यात खूप घरांवर अन्याय होतो. वादळानेच पाडला असेल तर घसारा (जुनेपणाची कपात) लावायचा की नाही आणि किती, ते पॉलिसी वाचून ठरवायचं. ओलीचंही तसंच, जमिनीतून चढणारी जुनी ओल खालून येते आणि पांढरा खार धरते, छप्पर गेल्यावरची वरून ओघळते.

श्रीवर्धनची_सून:
आमच्याकडे आलेले सर्वेयर अंगणातून फोटो काढून निघाले, माळ्यावर चढलेच नाहीत, आणि आढं सरकलेलं तिथूनच दिसत होतं. सासऱ्यांनी ताडपत्री टाकायच्या आधी फोटो काढले होते आणि फुटलेली कौलं फेकू दिली नव्हती म्हणून नंतर फेरपाहणी तरी झाली. दादा, या कामात आलात तर शिडी घेऊन या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं पूर्ण ऐकून घ्या, कुठला वासा कधी बदलला ते त्यांनाच माहीत असतं. आणखी एक, नारळ-सुपारीची वाडी घराच्या पॉलिसीत धरत नाहीत हे गावात बऱ्याच जणांना नंतर कळलं, झाडांसाठी सरकारी पंचनाम्याकडेच बघावं लागलं. हे लोकांना आधी कोणीतरी सांगायला हवं.

शिकाऊ_सर्वेयर:
बाकीच्या महिन्यांचं मी सांगतो, मी सध्या ट्रेनिंगला आहे. शॉर्टसर्किटच्या आगी, गोडाऊनमध्ये शिरलेलं पाणी, आणि मोटर विभागाचं सर्वेयर लायसन्स मिळालं तर गाड्यांचे क्लेम वर्षभर चालूच असतात. मग २०२१ सारखं वर्ष येतं, मे मध्ये तौक्ते आणि जुलैत चिपळूण-महाडचा पूर, तेव्हा माणसं पुरत नाहीत. पण सुरुवातीला कामं कमी आणि फी उशिरा, त्यामुळे हातची नोकरी एकदम सोडू नकोस. १ एप्रिल २०२१ पासून आलेली भारत गृह रक्षा पॉलिसी नीट वाच, जुन्या पॉलिसीत विमा कमी रकमेचा असला की भरपाई त्या प्रमाणात कापायचे, यात घरासाठी ती कपात नाही.

रोहा_सिव्हिल:
खूप आभार सगळ्यांचे. जांभाकाका, ट्रेनिंग मिळेपर्यंत काय शिकून ठेवू?

जांभा_चिरा:
पीडब्ल्यूडीची दरसूची, म्हणजे बांधकामाच्या सरकारी दरांची यादी. आणि तुझ्या भागातल्या सुतार, गवंड्यांचे चालू दर लिहून ठेव, कारण दरसूचीच्या भावात कोकणात कौलं चढवायला माणूस मिळेलच असं नाही आणि रिपोर्टमध्ये तो फरक तुलाच मांडावा लागणार. ट्रेनिंगसाठी मे संपायच्या आत कोणाला तरी जाऊन भेट, पाऊस लागला की कोणालाच बोलायला वेळ नसतो.