मदत हवी आहे : पंचांग-आज्ञावलीतून काढलेला तिथीचा समाप्तिकाल दर वेळी मिनिटभर पुढे का येतो?

नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असून, शाळेतील मुलांसाठी वर्षभराचे एक आकाशपत्रक तयार करण्याचे काम दिवाळीच्या सुट्टीपासून हाती घेतले आहे. त्यात परभणीसाठी सूर्योदय, सूर्यास्त, संकष्टीचा चंद्रोदय, तिथींचे समाप्तिकाल आणि डोळ्यांना दिसणाऱ्या पाच ग्रहांची स्थाने द्यायची आहेत. आमच्याच जिल्ह्यातील पाथरी म्हणजे जुने पार्थपूर असे मानले जाते आणि तेथील ज्ञानराज नावाच्या ज्योतिर्विदाने सोळाव्या शतकाच्या आरंभी सिद्धान्तग्रंथ रचला होता. त्या मातीत संगणक हाताशी असूनही मुलांना दुसऱ्या शहराचे पंचांग वाचून दाखवावे, हे मनाला पटेना.

या कामाला निमित्तही तसेच घडले. एका संकष्टीला मुलांना शाळेच्या मैदानावर बोलावले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची जी वेळ होती तिला अजून दहा-बारा मिनिटे अवकाश होता आणि पूर्वेच्या उसाच्या फडावर तांबूस चंद्र चांगला हातभर वर आलेला होता. सातवीतील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, पंचांगातला चंद्र निघायचा हाय अन् ह्यो तर वर आलाय की! आमची आजी तर घड्याळाकडं बघत उपाशी बसलीय." कॅलेंडरातील वेळ मुंबईची होती. मुंबई आणि परभणी यांच्या रेखांशांत जवळजवळ चार अंशांचे अंतर आहे आणि अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपल्याकडे चंद्र सुमारे सोळा मिनिटे आधी उगवतो. एवढे मला तेथेच सांगता आले. खरी अडचण त्यापुढची आहे.

शाळेच्या संगणकावर इंटरनेट नसल्यासारखेच आहे, म्हणून मोठ्या विदा-फायली उतरवाव्या लागणार नाहीत अशी आज्ञावली मी शोधत होतो. लिनक्सच्या डेबियन संचात 'ॲस्ट्रॉनॉमिकल अल्मनॅक' या नावाने मिळणारी, स्टीफन मोशियर यांनी सी भाषेत लिहिलेली 'एए' ही आज्ञावली त्यासाठी सोयीची वाटली. तिच्यातील ग्रहगणिताची सूत्रे जेपीएलच्या (नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या) डीई४०४ या ग्रहसारणीशी जुळवलेली असून ती स्वतःमध्येच सामावलेली आहेत. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत. दिनांक, वेळ, दोन ओळींमधील वेळेचे अंतर आणि ओळींची संख्या विचारते, मग ग्रहाचा क्रमांक विचारते (सूर्यासाठी ०, चंद्रासाठी ३) आणि आकडे छापते. मला तरी हा साधेपणा आवडला.

तिथी काढण्याची माझी रीत अशी आहे. चंद्राचा आणि सूर्याचा भूकेंद्रीय स्पष्ट भोग (म्हणजे पृथ्वीच्या केंद्रावरून पाहिल्यास सूर्याच्या वार्षिक मार्गावर अंशांत मोजलेले स्थान) घेऊन वजाबाकी करतो आणि ती १२ अंशांच्या पटीला जेथे पोहोचते ती वेळ त्रैराशिकाने काढतो. आज्ञावली सायन (वसंतसंपातापासून मोजलेला) भोग देते आणि आपली पंचांगे निरयण (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजणारी) असतात, हे मला ठाऊक आहे. परंतु अयनांश (या दोन मोजणींतील अंतर) चंद्र व सूर्य या दोन्हींच्या भोगांतून सारखाच वजा होत असल्यामुळे तिथीत तो उडून जातो. सुरुवातीला मी दररोजची एकच ओळ घेत होतो, तेव्हा वेळा कधी पाच मिनिटे मागे तर कधी पाच मिनिटे पुढे येत. चंद्राची गती दिवसभर सारखी राहत नाही हे लक्षात आल्यावर तासातासाच्या ओळी घेतल्या आणि तो गोंधळ संपला.

मात्र आता उरलेला फरक मला चकवतो आहे. एका नामांकित छापील दृक् पंचांगाशी (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणिताच्या पंचांगाशी) मी सलग साठ तिथ्या ताडून पाहिल्या. माझा समाप्तिकाल पन्नास ठिकाणी एक मिनिट पुढे (म्हणजे उशिराचा) आहे, दहा ठिकाणी दोन मिनिटे पुढे आहे, आणि बरोबर किंवा मागे एकदाही नाही. चूक यादृच्छिक असती तर ती दोन्ही बाजूंना पडली असती. भारतीय प्रमाणवेळेसाठी साडेपाच तास मिळवण्यात मी चुकलेलो नाही, हे तीनदा तपासले आहे.

'एए'च्या आयएनआय फायलीत (आज्ञावली सुरू होताना वाचते त्या मांडणीच्या फायलीत) मी भरलेले आकडे ओळीने असे आहेत : पूर्व रेखांश ७६.७७ (मूळ फायलीत येथे ऋण ७१.१३, म्हणजे अमेरिकेतील पश्चिम रेखांश होता), अक्षांश १९.२७, उंची ४०० मीटर (हा अदमास आहे), तापमान ३०, वायुदाब ९६०, त्यानंतर ०, आणि शेवटी ०.०.

दुसरा, लहान प्रश्न चंद्रोदयाचा आहे. रेखांशाची दुरुस्ती करूनही माझा चंद्रोदय छापील वेळेपेक्षा साडेतीन-चार मिनिटांनी उशिरा येतो. जेथे चंद्रकेंद्राचा उन्नतांश (क्षितिजापासूनची अंशांतील उंची) भूमितीनुसार शून्य होतो, ती वेळ मी चंद्रोदय धरली आहे. पत्रकात कोणती व्याख्या घ्यावी?

प्रतिसाद १

गुरुजी, उपक्रम आवडला. रेखांश पुन्हा तपासून पाहावा असे सुचवतो. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि परभणीची स्थानिक मध्यम वेळ तिच्यापेक्षा सुमारे २३ मिनिटे मागे असते. त्या हिशेबात कोठेतरी मिनिटाची गफलत झाली असेल.

धागाकर्ता

आभारी आहे, परंतु तिथीचा शेवट हा साऱ्या पृथ्वीसाठी एकच क्षण असतो. भूकेंद्रीय भोग घेतल्यावर मी परभणीत बसलो आहे की औंढ्यात, याने समाप्तिकालात फरक पडू नये. खात्रीसाठी रेखांश बदलूनही पाहिला. तिथीची वेळ तसूभरही हलली नाही.

प्रतिसाद २

गुरुजी, आपल्या साठ तिथ्यांच्या तपासणीतच उत्तर दडलेले आहे. छापील वेळ मिनिटापर्यंत पूर्णांकात असते. समजा आपली वेळ नेहमीच १ मिनिट ९ सेकंदांनी पुढे असेल, तर दोन्ही वेळा पूर्ण मिनिटांत लिहिल्यावर साठांपैकी साधारण एक्कावन्न वेळा एक मिनिटाचा आणि नऊ वेळा दोन मिनिटांचा फरक दिसेल. आपल्याला पन्नास आणि दहा मिळाले. म्हणजे चूक 'एक-दोन मिनिटांची' नसून ६९ सेकंदांची आहे आणि ती ठाम आहे.

आता ६९ हा आकडा येतो कोठून? ग्रहगणित ज्या काळावर चालते तो पार्थिव काळ नेहमी एकसारख्या गतीने चालतो. आपले घड्याळ मात्र पृथ्वीच्या परिवलनाला धरून ठेवलेले असते आणि पृथ्वी काही घड्याळासारखी फिरत नाही. त्यासाठी १९७२ पासून वेळोवेळी लीप सेकंद घालण्यात आले; त्यांतला शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला घातला गेला. तेव्हापासून आण्विक काळ आपल्या समन्वित वैश्विक वेळेच्या ३७ सेकंद पुढे आहे. पार्थिव काळ त्याच्याही ३२.१८४ सेकंद पुढे. बेरीज ६९.१८४. या अंतराला डेल्टा टी म्हणतात (काटेकोर व्याख्येत सेकंदापेक्षा कमी फरक पडतो, तो येथे सोडून देऊ).

आपल्या फायलीतील सहावी ओळ पाहा. तेथे ०, १ किंवा २ लिहायचे असते. १ म्हणजे दिलेली वेळ पार्थिव काळाची समजावी, २ म्हणजे वैश्विक वेळेची समजून डेल्टा टी आज्ञावलीने स्वतः मिळवावा, आणि ० म्हणजे दोन्ही काळ एकच मानावेत. आपण ० ठेवल्यामुळे आज्ञावलीने घड्याळाचीच वेळ पार्थिव काळ समजून चंद्राला बसवले. क्षण तिने अचूक दिला, फक्त तो दुसऱ्या घड्याळाचा दिला. आपण तो आपल्या घड्याळाचा समजलात, म्हणून ६९ सेकंद पुढे गेलात.

तेथे २ लिहावे. शेवटच्या ओळीतील ०.० चा अर्थ 'डेल्टा टी तूच काढ' असा आहे, परंतु आज्ञावली जुनी असेल तर तिच्यातील कोष्टक संपल्यावर ती पुढचा अंदाज बांधते आणि पृथ्वीने गेल्या काही वर्षांत जुने अंदाज पाळलेले नाहीत. म्हणून त्या ओळीत ६९.२ हाताने लिहिणे उत्तम. पुढील वर्षी पत्रक काढताना मात्र तो आकडा पुन्हा पाहून घ्यावा.

या बदलाने चंद्रोदय फारसा हलणार नाही. ६९ सेकंदांत चंद्र अर्ध्या कलेहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) थोडा अधिक सरकतो, म्हणजे उदयात दोन-तीन सेकंदांचा फरक. तो प्रश्न निराळा आहे.

प्रतिसाद ३

चंद्रोदयाबद्दल लिहितो. उदय म्हणजे बिंबाची वरची कड दिसणे, ही आधुनिक व्याख्या आहे. क्षितिजावर वातावरणातील वक्रीभवन (प्रकाशकिरणांचे वाकणे) बिंबाला सुमारे ३४ कला उचलते आणि बिंबाची त्रिज्या १५-१६ कलांची असते. म्हणजे केंद्र क्षितिजाखाली जवळजवळ ५० कला असतानाच कड दिसू लागते. परभणीच्या अक्षांशावर चंद्र मिनिटाला साधारण १३-१४ कला चढतो. ५० ला त्याने भागले की आपली साडेतीन-चार मिनिटे निघतात. आपण लंबन (पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्याने चंद्राच्या स्थानात पडणारा फरक) धरलेले दिसते, म्हणजे स्थानिक उन्नतांश घेतला आहे, हे बरोबरच आहे. चंद्राचे लंबन जवळजवळ अंशभर असल्यामुळे ते सोडले असते तर हिशेब भलताच झाला असता. गंमत अशी की लंबन चंद्राला खाली ओढते आणि वक्रीभवन व त्रिज्या मिळून त्याला जवळजवळ तेवढेच वर उचलतात, त्यामुळे निव्वळ भूकेंद्रीय शून्य उन्नतांश धरणाऱ्याचे उत्तर चुकीच्या वाटेने जाऊनही बरोबरच्या जवळ पोहोचते.

सूर्योदयासाठी काही पंचांगकर्ते धर्मशास्त्राच्या दृष्टीने बिंबाचे केंद्र घेतात आणि वक्रीभवन सोडतात. त्यांच्याशी ताडताना हा फरक लक्षात ठेवावा. मुले मैदानावर उभी राहून डोळ्यांनी पाहणार असतील, तर वरची कडच घ्यावी असे माझे मत आहे. तापमान आणि दाब काटेकोर भरण्याच्या मागे लागू नये. क्षितिजाजवळचे वक्रीभवन रोज बदलते आणि उसाचा फड तर त्याहून अधिक आड येतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. '०' समोरचे वर्णन मी वाचले होते, परंतु 'दोन्ही वेळा एकच' म्हणजे 'काहीही बदल करण्याची गरज नाही' असा सोयीचा अर्थ काढला होता. सहाव्या ओळीत २ आणि शेवटच्या ओळीत ६९.२ लिहून त्याच साठ तिथ्या काल रात्री पुन्हा काढल्या. अठ्ठावन्न तंतोतंत जुळल्या. उरलेल्या दोन्हींत एकेका मिनिटाचा फरक आहे आणि त्या दोन्हींचे माझे सेकंद तिसाच्या अगदी काठावर आहेत, त्यामुळे पूर्णांक करताना पंचांगकर्त्यांनी एक बाजू धरली आणि मी दुसरी, एवढेच.

चंद्रोदय वरच्या कडेचा घेतला आहे. पत्रकाच्या माथ्यावर 'परभणीसाठी' असे ठळक लिहून त्याखाली ही व्याख्या एका ओळीत छापणार आहे. पुढच्या संकष्टीची वेळ त्या मुलीने आजीसाठी वहीत उतरवून नेली आहे.