नवोदयला सहावीत निघालेल्या मुलीसाठी काय काय घ्यावं? (बजेट ३००० रुपये)

बांधावरची
नमस्कार मंडळी. माझ्या लेकीचा नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, दुसऱ्या यादीत नंबर लागला. आम्ही पाथर्डी तालुक्यातले, शाळा पारनेरातल्या टाकळी ढोकेश्वरला. पोरगी पाचवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकली, मामाचं गाव सोडून कुठं राहिलेली नाही. तीन गोष्टी विचारायच्यात.
१) पत्र्याची पेटी घ्यावी की चाकांची बॅग? नगरला गाडी बदलावी लागते. तिच्या वडिलांना रजा नाही, म्हणजे मी, ती आणि कडेवरचा धाकटा.
२) जायच्या आधी महिनाभर इंग्रजीचा क्लास लावावा का? तालुक्याला २००० सांगतात.
३) केस कमरेपर्यंत आहेत. कापावेत का?
क्लास धरून सगळं ३००० मध्ये बसवायचंय. अनुभव असेल त्यांनी सांगा.

अमरावतीकर
सर्वप्रथम लेकीचं मनापासून अभिनंदन! देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं निघाली त्यातलं एक आमच्या अमरावतीचं, दुसरं हरियाणात झज्जरला. मी तिथलाच. आमच्या वेळी पेटीशिवाय कोणी दिसतच नसे. पेटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव आणि गाव. माझी पेटी आजही घरात आहे, तिच्यात आता बियाणं ठेवतो. पेटीच घ्या.

कापडबाजार_नगर
पेटी. दुसरा विचार नको. पण पत्रा हातानं दाबून बघा. पातळ पत्र्याची पेटी घेतली तर पहिल्याच सहामाहीत झाकण बसत नाही. कडीकोयंडा रिबिटचा हवा, नुसता वाकवलेला नको. मोठी घेऊ नका, पलंगाखाली सरकली पाहिजे.

पुण्याची_आई
माझी मुलगी पाचगणीला होती, त्या अनुभवावरून सांगते. चांगल्या कंपनीची मोठी ट्रॉली घ्या, साडेपाच-सहा हजारांत मिळते, दहा वर्षं बघायला नको. स्टीलची थर्मासची बाटली (१२०० च्या आसपास), अंथरुणासाठी मॅट्रेस प्रोटेक्टर, आणि मनगटी घड्याळ हवंच. आमच्या शाळेत कपडे धुवायला लाँड्री होती, त्यामुळे ते मला माहीत नाही.

बांधावरची
ताई, सगळं मिळून ३००० आहेत.

पुण्याची_आई
हो ग, वाचलं. पण बॅगेत काटकसर करू नये असं माझं मत. बाकीचं कमी कर.

अरवली_हाउस
मी नवोदयची माजी विद्यार्थिनी, जिल्हा दुसरा. ताई, खरेदीच्या आधी प्रवेशपत्रासोबत शाळेची यादी येते ती नीट वाचा. राहणं, जेवण, गणवेश, पाठ्यपुस्तकं, वह्या शाळा देते. अंगाचा साबण, टूथपेस्ट, तेल हेही मिळतं. पालक दुकानातून नेमकं हेच उचलून आणतात. घरून लागतं ते असं: आतले कपडे भरपूर, घरात घालायचे तीन-चार साधे ड्रेस, दोन टॉवेल, स्वेटर (पारनेरची थंडी कोरडी आणि कडक), बाथरूमची चप्पल, बादली-मग, कपडे धुवायचा ब्रश, चिमटे, नेलकटर, सुईदोरा, सेफ्टी पिना. प्रत्येक कपड्यावर नाव शिवा, मार्करचं नाव धुऊन जातं. बादलीवरही नाव हवं, कारण सगळ्यांच्या निळ्या आणि लाल.
आणि आज घरी गेल्यावर तिला तिचे स्वतःचे कपडे धुवायला लावा. रोज. पिळायला जमत नाही या वयात, मनगटात जोर नसतो. ओले कपडे दोरीवर टाकले की वाळत नाहीत, मग मुली दमटच घालतात. नळाला कपडा अडकवून पीळ द्यायला शिकवा. अंथरूण घालणं-काढणं, ताट घासणं, वेणी घालणं, नखं कापणं हे सगळं जायच्या आधी तिचं तिला आलं पाहिजे. पहिल्या महिन्यात ज्या मुली रडत होत्या त्या आईची आठवण येते म्हणून जितक्या रडायच्या, तितक्याच अंघोळीच्या रांगेत मागे पडल्या आणि पीटीला उशीर झाला म्हणून.

सैनिक_पालक
माझा मुलगा साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा. १९६१ ची शाळा, देशातलं पहिलं सैनिक स्कूल. तिथली शिस्त बघितली की बाकी सगळं सोपं वाटतं. मुलीला पहाटे पाचला उठायची सवय आतापासून लावा. बूट दोन आकडे मोठे घ्या, मुलं वाढतात.

कापडबाजार_नगर
दोन आकडे मोठे बूट घालून पीटीला धावणार कशी? फोड येतील. एक आकडा मोठा, आत सोल टाका.

सैनिक_पालक
आमच्याकडे सगळ्यांनी तसेच घेतले होते. जाड मोजे घालायचे.

झेडपी_गुरुजी
बूट राहू द्या, अभ्यासाचं कोणी बोलत नाही. नवोदय सीबीएसईची आहे, एनसीईआरटीची पुस्तकं. सहावीची पुस्तकं २०२४-२५ पासून बदलली, त्यामुळे शेजारच्या मुलाची जुनी आणू नका. नवी शाळेत मिळतीलच, पण एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मोबाईलवर उतरवून घ्या. शिकवण्याचं माध्यम साधारण आठवीपर्यंत मराठी असतं, मग गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रं हिंदीतून. म्हणजे इंग्रजीला वेळ आहे. प्रवेश परीक्षेत ८० प्रश्नांपैकी ४० बुद्धिमत्तेचे सोडवून जी मुलगी वर आली, तिला महिन्याच्या स्पोकन इंग्लिशची गरज नाही. अपूर्णांक आणि दशांश मात्र पक्के करून पाठवा. सहावीत पोरं तिथंच अडतात, हे मी वीस वर्षं बघतोय.

इंग्लिश_क्लास_हवाच
गुरुजींशी असहमत. माझा भाचा क्लास न लावता गेला आणि वर्षभर गप्प बसून राहिला. २००० म्हणजे काहीच नाही. लावा.

अरवली_हाउस
इंग्रजीपेक्षा हिंदी बोलायची सवय लावा. शिक्षक सगळ्या राज्यांतले असतात, मराठी सगळ्यांना येतेच असं नाही. दुसरं म्हणजे नववीत वर्गातली ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला जातात. आपल्याकडची हिंदी पट्ट्यात, तिकडची आपल्याकडे. मी गेले होते. तिकडच्या मैत्रिणी अजून फोन करतात.

इंग्लिश_क्लास_हवाच
हिंदी टीव्हीवरून येते. त्यासाठी वेगळं काय करायचं?

अरवली_हाउस
समजते. "मॅडम, पोटात दुखतंय, काल रात्रीपासून" हे तोंडातून निघत नाही. मुली दोन-दोन दिवस ताप अंगावर काढतात ते याच्यामुळे. हाउसमिस्ट्रेसना (वसतिगृहात मुलींना सांभाळणाऱ्या मॅडम) जाऊन सांगायची चार-पाच वाक्यं घरात म्हणून घ्या. मराठीतून सांगितलं तरी चालेल, पण गप्प राहायचं नाही हे तिच्या मनात बसू द्या.

वॉर्डातली_सिस्टर
याला माझं पूर्ण अनुमोदन. मी सरकारी दवाखान्यात आहे, वसतिगृहाची मुलं येतात ती बहुतेक खरूज घेऊन. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला खाज आणि रात्री जास्त. घरचे पावडर लावतात आणि महिना घालवतात. डॉक्टर सहसा पर्मेथ्रिन ५ टक्के मलम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लावून रात्रभर ठेवायचं, आठवड्यानं परत. फक्त खाजेच्या जागी लावून उपयोग नाही. खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी लावलं नाही तर पुन्हा येते. कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. मुलीला एवढं सांगा: टॉवेल कोणाला द्यायचा नाही, कोणाचा घ्यायचा नाही.

दोन_वेण्या
केस कापा. मी हॉस्टेलला असताना उवांनी जीव नकोसा केला होता. खांद्यापर्यंत ठेवा, दोन छोट्या वेण्या बसतात.

पुण्याची_आई
कापाच. वाढतात परत.

कापडबाजार_नगर
माझ्या पुतणीचे कापले होते. सोय झाली.

सेतूजवळचा
कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ओबीसीतून नंबर असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. त्याला वेळ जातो, उद्याच अर्ज टाका. ग्रामीण जागा असेल तर तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत शिकल्याचा दाखला. रहिवासी, जन्मदाखला, आधार, आरोग्य तपासणीचा कागद, शाळा सोडल्याचा दाखला. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स आणि भरपूर फोटो.

बांधावरची
सेतूजवळचा दादा, तुमचे उपकार. आमच्याकडे राज्याचाच दाखला होता. आज अर्ज टाकला.

अमरावतीकर
फीचंही सांगून ठेवतो. आठवीपर्यंत काही नाही. नववीपासून विद्यालय विकास निधी महिना ६०० असतो, पण मुलींना माफ आहे. निश्चिंत राहा. पेटीचं काय ठरलं?

सैनिक_पालक
सरकारी नोकरांच्या मुलांना १५०० आहे ना?

अमरावतीकर
हो, पण मुलींना तोही नाही. ताईंना लागू नाही, विषय सोडा.

झेडपी_गुरुजी
अजून एक. फोन शाळेत चालत नाही. पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळतं, घरचा पत्ता लिहून पंचवीस कार्डं सोबत द्या. फोनवर मूल "हो, नाही, बरं आहे" एवढंच बोलतं. कार्डावर लिहितं.

पुण्याची_आई
छान कल्पना. बॅगेला पुढे कप्पा असतो, त्यात राहतील.

कापडबाजार_नगर
पेटीतही राहतात.

बांधावरची
सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगते.
पेटी नाही घेतली. कडेवर पोर आणि हातात पेटी घेऊन मला नगरच्या स्टँडवर गाडी बदलता येणार नाही, आणि सुट्टीला येताना तिला ती उचलणार नाही. चाकांची साधी बॅग घेतली, ११५०. चेनला कुलूप लागतं.
क्लास लावला नाही. गुरुजींनी सांगितलं तसं अपूर्णांक घेतेय, बारावीला असलेली पुतणी रोज संध्याकाळी तासभर बसते. दोघी आपसात हिंदीतून बोलतात, पहिले दोन दिवस नुसत्या हसत होत्या, आता बोलतात.
केस कापायचे नाहीत. तुम्ही सगळ्यांनी कापा म्हणालात, पण तिला नकोत आणि घर सुटताना तेही काढून घ्यावंसं मला वाटत नाही. ती रविवारपासून स्वतः धुते, स्वतः विंचरते, बारीक दातांची फणी दिली आहे. तिथं जमलं नाही तर ती म्हणेल तेव्हा कापू.
उरलेल्यात स्वेटर, बादली, टॉवेल, कपडे झाले. २७०० गेले. कपड्यांवर नावं शिवतेय, निम्मी झाली.

अमरावतीकर
चाकं वर्षभर टिकत नाहीत, बघा. तरी लेकीला शुभेच्छा.

वॉर्डातली_सिस्टर
फणी तिची तिलाच. तीही कोणाला द्यायची नाही.

अरवली_हाउस
कुलपाच्या दोन किल्ल्या असतील. एक तिच्या गळ्यात दोरीला आणि दुसरी हाउसमिस्ट्रेसकडे द्या. घरी नेऊ नका, शनिवारी हरवली तर तुम्ही पाथर्डीहून काय करणार?

बांधावरची
बरं झालं सांगितलंत, मी दुसरी घरीच ठेवणार होते.

कापडबाजार_नगर
चेनचं कुलूप लहान असतं, पिनेनं उघडतं. पेटीला हा प्रश्न नव्हता.