वेल्डिंगच्या फिरत्या टेबलासाठी कोणती मोटर घ्यावी?

प्रश्न – फॅब्रिकेटर, कोल्हापूर

नमस्कार. आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये पाइपला फ्लॅन्ज (पाइपच्या टोकाची जोडचकती) वेल्ड करण्याचे काम नियमित येते. सध्या एक जण जॉब (वेल्ड करायची वस्तू) हाताने फिरवतो आणि दुसरा मिग वेल्डिंगची गन धरतो. पण हाताचा वेग एकसारखा राहत नसल्यामुळे बीड, म्हणजे वेल्डची रेघ, कुठे फुगते, तर कुठे बारीक होते. म्हणून फिरते टेबल स्वतःच बनवायचे ठरवले आहे. जॉबचा व्यास 60 ते 250 मिमी आणि वजन जास्तीत जास्त 25 किलो असते. टेबल आडवे आणि उभे, दोन्ही प्रकारे वापरता यायला हवे. वर्कशॉपला वीज सिंगल फेज आहे. माझ्याकडे अर्ध्या एचपीची, 1440 आरपीएमची (मिनिटाला 1440 फेरे) सिंगल फेज मोटर पडून आहे. तिला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करता येईल का, की गाडीची वायपर मोटर वापरावी? टेबलाला मिनिटाला किती फेरे हवेत, याचाही मला नेमका अंदाज नाही.

उत्तर – टूलरूम, पुणे

मोटरचा विचार सर्वांत शेवटी करावा. सुरुवात बीडपासून करावी. हाताने मिग करताना गन मिनिटाला साधारण 300 मिमी पुढे सरकते असे धरू. 60 मिमी व्यासाचा परीघ सुमारे 188 मिमी भरतो, म्हणजे टेबलाला मिनिटाला 1.6 फेरे हवेत. 250 मिमी व्यासाचा परीघ 785 मिमी, म्हणजे 0.38 फेरे. तेव्हा आपले टेबल मिनिटाला एका फेऱ्याच्या आसपास फिरणार आहे आणि वेग चौपट कमी-जास्त करण्याची सोय त्यात असायला हवी.

आता टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पाहू. टेबल आडवे असताना फक्त बेअरिंगचे घर्षण सोसावे लागते, पण ते उभे केले आणि जॉबचा भार एका बाजूला असला की खरी ओढ लागते. 25 किलोचा जॉब केंद्रापासून 60 मिमी सरकलेला असेल, तर 25 × 9.81 × 0.06 म्हणजे जवळजवळ 15 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. सुरक्षिततेसाठी तो दुप्पट, म्हणजे 30 धरावा. इतका टॉर्क 1.6 आरपीएमला द्यायला प्रत्यक्षात किती शक्ती लागते? फक्त 5 वॅट! वर्म गिअरचे (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणाऱ्या गिअरचे) दोन टप्पे लावले आणि त्यात तीन-चतुर्थांश शक्ती वाया गेली असे मानले, तरी मोटरकडून 20 वॅट पुरतात.

म्हणूनच अर्ध्या एचपीची मोटर येथे नुसती अनावश्यक नाही, तर धोक्याची आहे. 1440 वरून 1.6 वर यायला 900 पट रिडक्शन, म्हणजे गिअरने वेग कमी करणे, लागते. फ्लॅन्ज कुठे अडकला, तर ही मोटर तितक्या रिडक्शनमधून टेबलाच्या शाफ्टवर 500 न्यूटन-मीटरपेक्षा जास्त जोर लावेल आणि छोट्या गिअरबॉक्सचे पितळी चाक सोलून निघेल. मोठी मोटर घेतली म्हणजे मशीन मजबूत झाले, ही समजूत संथ मशीनच्या बाबतीत अगदी उलटी ठरते. मोटर लहान घ्यावी आणि गिअरबॉक्स दणकट घ्यावा.

उत्तर – मोटर रिवाइंडिंग, सांगली

रेग्युलेटरचा विचार कृपया सोडून द्यावा. इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. व्होल्टेज कमी केल्याने फ्रिक्वेन्सी बदलत नाही, मात्र टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. निम्म्या व्होल्टेजला टॉर्क पाव राहतो. शिवाय आपली मोटर कॅपॅसिटर-स्टार्ट असेल, तर तिच्यात मोटरने वेग घेतला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा सेंट्रिफ्युगल स्विच असतो. वेग खाली आला की तो स्विच पुन्हा जुळतो आणि काही सेकंदांपुरते बनवलेले स्टार्टिंग वाइंडिंग सतत करंट ओढत राहते. असे जळालेले वाइंडिंग उघडले की स्टार्टिंगची बारीक तार काळी पडलेली आणि रनिंगची जाड तार जवळजवळ जशीच्या तशी दिसते.

पाव एचपीची थ्री फेज मोटर आणि सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारे उपकरण) हा चांगला पर्याय आहे. मात्र असा व्हीएफडी बाहेर 230 व्होल्टच थ्री फेज देतो. त्यामुळे नेमप्लेटवर डेल्टा 230, स्टार 415 (वाइंडिंग जोडण्याच्या दोन पद्धती आणि त्यांचे व्होल्टेज) असे लिहिलेली मोटर घ्यावी आणि टर्मिनल बॉक्समधील पट्ट्या डेल्टात जोडाव्यात. व्हीएफडीमध्ये करंटची मर्यादा कमी ठेवली, की वर सांगितलेला गिअर तुटण्याचा धोकाही बराच टळतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उद्यमनगरात 30:1 चा एक वर्म गिअरबॉक्स चांगल्या स्थितीत मिळतो आहे. खर्च आटोक्यात ठेवायचा असल्यामुळे त्याला वायपर मोटर जोडली तर चालेल का?

उत्तर – टूलरूम, पुणे

चालेल, आणि आपल्या कामासाठी मला तोच पर्याय अधिक पसंत आहे. वायपर मोटरच्या आतच एक वर्म गिअर असतो आणि बाहेरचा शाफ्ट कमी वेगावर साधारण 45 आरपीएमने फिरतो. 30:1 मधून तो दीड आरपीएम होतो, जवळजवळ हवा तितकाच. टेबलाच्या 30 न्यूटन-मीटरसाठी वायपरच्या शाफ्टवर सुमारे 2 न्यूटन-मीटर येतील. ते तिला जड नाहीत. 12 व्होल्ट, 15 अँपिअरचा सप्लाय आणि डीसी स्पीड कंट्रोलर लावावा. अगदी कमी वेगावर मोटर अडखळू लागली, तर कंट्रोलर आणखी पिळण्यापेक्षा मध्ये 2:1 ची साखळी टाकावी. वर्ममुळे मोटर थांबवली की उभा जॉब सहसा जागीच राहतो, हा आणखी एक फायदा.

उत्तर – वेल्डिंग निरीक्षक, नाशिक

एक गोष्ट राहून जात आहे, आणि ती मोटरइतकीच महत्त्वाची आहे. अर्थ क्लॅम्प (वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत नेणारा चिमटा) टेबलाच्या सांगाड्याला लावला, तर 150 अँपिअरचा करंट जॉबमधून बेअरिंग आणि गिअरबॉक्समार्गे परत जाईल. बेअरिंगच्या रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यांवर) ठिणग्यांचे खड्डे पडतील आणि थोड्याच दिवसांत टेबल खरखरू लागेल. स्पिंडलवर तांब्याची रिंग बसवून तिच्यावर स्प्रिंगने दाबलेले जाड कार्बन ब्रश ठेवावेत आणि अर्थ केबल थेट ब्रशधारकाला जोडावी. एका ब्रशवर भागवू नये.

अनेक वायपर मोटरमध्ये निगेटिव्ह टोक बॉडीलाच जोडलेले असते. म्हणून मोटर वीज न वाहणाऱ्या बेकेलाइटच्या पट्टीवर, बोल्टना इन्सुलेटिंग बुश घालून बसवावी आणि तिचा शाफ्ट गिअरबॉक्सला रबरी स्पायडरच्या कपलिंगने जोडावा. पहिली आर्क मारण्याआधी मोटरची बॉडी आणि टेबल यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून पाहावा. कंटिन्युइटीचा (दोन्हींमध्ये विजेचा जोड असल्याचा) आवाज आला, तर कुठल्या तरी बोल्टचा बुश राहिला आहे असे समजून सगळे बोल्ट तपासावेत.