जस्त घडी धरतं, डीएनए वाचत नाही

झिंक फिंगर म्हणजे डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनातला बोटासारखा छोटा तुकडा. एका प्रतिसादात म्हटलंय की त्यातला जस्ताचा अणूच डीएनएला धरतो. तसं नाही. जेमतेम ३० अमिनो आम्लांचा तो तुकडा एरवी सैल पडला असता. त्यातल्या दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन या अमिनो आम्लांमध्ये अडकलेलं जस्त त्याची घडी टिकवतं. वाचण्याचं काम अल्फा हेलिक्सचं, म्हणजे या तुकड्यातल्या मळसूत्रासारख्या भागाचं. डीएनएच्या रुंद खोबणीत शिरून प्रत्येक बोट साधारण तीन बेसजोड्या (डीएनएची ‘अक्षरं’) ओळखतं.

मला खरी सुंदर वाटते ती पुढची गोष्ट: ही बोटं माळेसारखी ओवता येतात! झेनोपस बेडकाच्या अंडपेशींतल्या टीएफ-थ्री-ए प्रथिनात अशी ९ आहेत, आणि त्यावरूनच शास्त्रज्ञ आरन क्लूग व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ही रचना सुचवली. हेलिक्स-टर्न-हेलिक्स (वळणाने जोडलेले दोन हेलिक्स) ही वेगळी रचना असलेली, लॅम्डा या विषाणूच्या रिप्रेसरसारखी प्रथिनं मात्र जोडीने डीएनएवर बसतात.