नवं औषध येईपर्यंत काय?

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल 'नवं अँटिबायोटिक आलं की सुटेल हा प्रश्न', असं म्हटलं जातं. मला नाही पटत. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात सत्तरीतली एक बाई क्लेबसिएला नावाच्या जिवाणूच्या संसर्गाने दगावली. तपासलेल्या २६ अँटिबायोटिक्सपैकी एकही त्या जंतूवर चालेना, शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिनसुद्धा नाही. त्याआधी मांडीचं हाड मोडून ती भारतात अनेकदा रुग्णालयात राहिली होती. जंतूत एनडीएम होतं, कार्बापेनेम गटातली जोरदार अँटिबायोटिक्स फोडणारं एन्झाइम. त्याचं जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. पण जंतू ओळखल्यावर नेवाडातल्या रुग्णालयाने तिला वेगळं ठेवलं, गाऊन-हातमोजे सक्तीचे केले. त्याच विभागातले इतर रुग्ण तपासले, तर एकालाही लागण नव्हती! आईच्या वेळी आयसीयूत मी पाहिलंय: एका खाटेची लघवीची पिशवी रिकामी करून त्याच हातमोज्यांनी शेजारच्या रुग्णाची सलाइन. तिथे नवं औषध किती दिवस पुरेल?