मदत हवी आहे: गाईच्या दुधातले एक्सोसोम केसिनपासून वेगळे कसे करायचे?

हाडांच्या पेशींवर तपासणीसाठी गाईच्या कच्च्या दुधातून एक्सोसोम (पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या) काढतोय. पद्धत अशी: ४ अंशांवर ३,००० जी ला (जी म्हणजे गुरुत्वाच्या पटीतलं बल) फिरवून मलई काढणे, साय काढलेल्या दुधात केसिन विरघळवायला तेवढेच २ टक्के सोडियम सायट्रेट, मग १२,००० आणि शेवटी १,००,००० जी. तरीही तळाचा गोळा पांढरट येतो आणि वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं ओळखायची चाचणी) केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाचा ठळक पट्टा दिसतो. एक्सोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे, केसिनचे मायसेलही (प्रथिनांचे गोलसर पुंजके) बरेचसे त्याच पल्ल्यातले. त्यामुळे नॅनोपार्टिकल ट्रॅकिंगच्या (कण मोजायच्या तंत्राच्या) आकड्यावर मुळीच विसंबता येत नाही.

असेटिक आम्लाने सामू ४.६ वर आणला की केसिन झटक्यात खाली बसतं, पण कणांच्या पृष्ठभागावरची प्रथिनं बिघडतात. केसिन विरघळवायला ईडीटीए वापरलं आणि ते उरलं, तर अल्कलाइन फॉस्फटेज या विकराचं झिंकच ओढून घेतं, म्हणजे त्या विकरावर आधारलेली ऑस्टिओब्लास्टची (हाड बांधणाऱ्या पेशींची) चाचणीच खोटी ठरते.

खरी काळजी लॅक्टोफेरिन या दुधातल्याच दुसऱ्या प्रथिनाची आहे. ते एकटंच ऑस्टिओब्लास्ट वाढवतं आणि ऑस्टिओक्लास्ट (हाड झिजवणाऱ्या पेशी) रोखतं. रँकएल (ऑस्टिओक्लास्ट बनवणारं संकेत-प्रथिन) दिलेल्या रॉ २६४.७ या उंदराच्या पेशींमध्ये ट्रॅप-रंगाच्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, घटल्या, तर श्रेय नेमकं कुणाचं, एक्सोसोमचं की लॅक्टोफेरिनचं?

सेफारोज सीएल-२बी चा (आकारानुसार कण वेगळे करणारा) स्तंभ कोणी वापरलाय का? १० मिलिलिटरच्या स्तंभावर नमुना किती घालता, आणि सीडी६३ व टीएसजी१०१ (एक्सोसोमची ओळख पटवणारी प्रथिनं) स्तंभातून क्रमाने निघणाऱ्या कोणत्या अंशांत मिळतात? नियंत्रण म्हणून नंतरचे प्रथिनांचे अंश पुरेसे, की ट्रायटन या डिटर्जंटने फोडलेले कणही हवेत? ट्रायटन पेशींना मारणार, तर ते काढता कसं?