बहात्तरचा दुष्काळ : तुम्ही कोणाकडून काय ऐकलंत?

१९७२ साली ऐन विशीत असलेली माणसं आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. वसंतराव नाईकांचं सरकार, वि. स. पागे यांची रोजगार हमी, तिचा १९७७ चा कायदा हे सगळं पुस्तकांत सापडतं. पण खडी फोडायला जाताना तान्हं पोर कोणापाशी ठेवायचे, हे त्यांनाच विचारावं लागतं. नुसतं "दुष्काळाचं सांगा" म्हटलं की "लई हाल झाले बघ" एवढ्यावर गोष्ट आटोपते. काय खायचात, पाणी कुठून आणायचात, हजेरी कोण मांडायचं असं विचारलं की माणूस बोलू लागतो. घरच्यांकडून ऐकलेलं लिहा, परक्यांकडून ऐकलेलंही लिहा.

*

माझ्या सासूबाई सांगोल्याकडच्या. ज्वारी निवडताना एखादा लालसर दाणा दिसला की तो सुपाच्या कडेला सारतात. एकदा विचारलं, हा का काढता? म्हणाल्या, "मिलोची याद येती." अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी रेशनवर मिळायची. "थापाय घेतली की भाकर तडकायची. पोरं तोंड फिरवायची. पर तिनंच जगवलं." मग त्या थांबल्याच नाहीत. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि सासूबरोबर खडी फोडायला गेल्या. पुरुष घणानं दगड फोडायचे, बाया हातोडीनं बारीक करायच्या. कपची उडून बोटं फुटायची म्हणून जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या. संध्याकाळी त्या सोडवताना रक्तानं चिकटलेल्या असायच्या, आधी भिजवाव्या लागायच्या. आणि भिजवायला पाणी नसायचं. कामावर सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. ती निम्मी खाऊन निम्मी पदराच्या गाठीला बांधून धाकट्या दिरासाठी आणायच्या. तो दीर, म्हणजे आमचे काका, आता आजोबा झालेत. मी त्यांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी वहिनीला फोन लावला. इतक्या वर्षांत दोघं यावर कधी बोलले नव्हते.

*

बार्शीहून एसटीनं येत होतो. शेजारच्या बाबांनी खिडकीतून एक पाझर तलाव दाखवला. "त्या भरावावर मी आन् माझी आई. ती पाटी भरायची, मी वाहायचो." मग माती कुठून उचलली, मुकादम कुठे उभा राहायचा, सगळं बोटानं दाखवलं. तलाव मागे पडला तरी ते मान वळवून सांगत होते. नाव विचारायचं राहिलं.

*

वडील त्याच साली परभणीहून मुंबईला आले, गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. आम्हाला कधी काही बोलले नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या खोलीतल्या जुन्या सोबत्यानं सांगितलं, की पहिल्या पगाराची मनीऑर्डर गावी पोचल्याची पावती त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली होती.

*

आमचे आजोबा मिलोचं सांगतात, विहीर खोदल्याचं सांगतात. बैल कोणत्या बाजारात विकले तेही सांगतात. त्यापुढे गप्प होतात. मीही पुढे विचारत नाही. तेवढं त्यांच्यापाशीच राहावं असं मला मनापासून वाटतं.

*

बैल विकल्याबद्दलच्या वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, तिथे थांबणंच बरोबर. मिलोबद्दल बरंच आलं. गुरांच्या चाऱ्याबद्दल, आणि टँकर नसलेल्या गावांत पाण्याची पाळी कशी लावायचे याबद्दल कोणी ऐकलं असेल तर जरूर लिहा. सांगणाऱ्याच्या बोलीत, जसंच्या तसं.